धूळफेक

बरबँकमधल्या या इमारतीला खिडक्या नाहीत.
बाहेर ऊन किती आहे
ते पार्किंगमध्ये गेल्यावरच कळतं.
आत एक पडदा, खुर्चीला टेकलेली मी,
आणि पन्नास वर्षांपूर्वीचा एक भूकंप,
दोन तास सहा मिनिटांचा,
मार्चपर्यंत घरोघरी पोचवायचा आहे तो
डिस्कवर, चकचकीत डबीतून.

माझं काम धूळ काढायचं.
निगेटिव्हवर चिकटलेली, शिवाय केस, ओरखडे,
कुणा ऑपरेटरच्या सिगारेटची राख,
तळघरातल्या ओलीने धरलेली बुरशी.
बरंचसं यंत्रच काढतं. रात्रभर चालू ठेवलं
की सकाळी फ्रेमा न्हाऊनमाखून बसलेल्या असतात.

पण सातव्या रिळात हॉटेल कोसळतं.
सकाळी येऊन बघते तर यंत्राने
भूकंपच पुसून टाकलेला.
छत खाली येतंय, माणसं तोंडं झाकतायत,
आणि हवा अशी लख्ख
की झाकतायत कशापासून ते कळू नये.
पडणारा कणन् कण त्याला कचरा वाटला.
त्याचं तरी काय चुकलं?
एका फ्रेममध्ये असतो, पुढच्या फ्रेममध्ये नसतो
तो डाग,
एवढंच त्याला शिकवलंय आम्ही.

म्हणून आता हाताने.
चोवीस फ्रेमांचा एक सेकंद,
त्या सेकंदाला माझा अख्खा दिवस.
हा कण लॅबमधला, जा.
हा छताचा, राहा.
हा
मागे जाते, पुढे येते, पुन्हा मागे.

गुरुवारी ऑर्विल हॅल्वर्सन येतात, वय एक्क्याण्णव,
रंग बरोबर लागलेत का ते सांगायला.
ते शहर त्यांनी बांधलं होतं, कमरेइतकं उंच.
"मुलतानी माती," म्हणतात, "पोत्यांनी आणायचो.
आणि बुचाचा चुरा. विटेसारखा पडतो, लागत नाही.
तीन आठवडे नाक शिंकरलं की शहर बाहेर यायचं."
हसतात. हसण्याचा खोकला होतो.
मग उठून पडद्यापाशी जातात
आणि बँकेच्या भिंतीवर बोट ठेवतात.
अंगठ्याचा ठसा. दोन मजले उंच.
थिएटरात कधी दिसला नव्हता कुणाला.
"प्लास्टर ओलं होतं. माझा नाही हा,
कॉन्सुएलोचा. भिंती रंगवायची ती.
नावांच्या यादीत नाही सापडणार."
पुसू का, असं मी विचारलं नाही.
त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला.

मी त्यांना हेही सांगितलं नाही
की लेनिनाकानला मी दुसरीत होते.
डिसेंबर, अकरा एक्केचाळीस, गणिताचा तास.
सिनेमातली धूळ वरून खाली येते, शिस्तीत,
दिव्यासमोरून, सगळ्यांना नीट दिसेल अशी.
तिथली पडलीच नाही.
उभी राहिली, आमच्यात, आमच्याएवढी.
आई अंगणात आली तेव्हा
आम्ही एकोणीस पोरं एकाच रंगाची.
ती एकेकाचं तोंड धरायची,
ओढणीने पुसायची,
ही नाही.
पुढचं तोंड. पुसायची.
हीपण नाही.
माझ्याआधी किती झाली, मोजली नाहीत मी.
गणित तिथंच सुटलं.

काल चाचणीची डिस्क घरी आणली, ग्लेंडेलला.
लहान टीव्हीवर कसं दिसतं ते बघायचं होतं.
आवाज कमी ठेवला, खालच्या मजल्यावर तान्हं मूल आहे.
आई जर्दाळू निवडत बसली होती,
बघत नव्हती, म्हणजे मला तसं वाटलं.
सातवं रीळ आलं. हॉटेल गेलं. धूळ धुळीसारखी पडली.
मी थोडी पुढे सरकून बसले.

बँकेची भिंत आली तशी आई उठली.
"हात कुणी लावला गं टीव्हीला?"
बाहीचं टोक ओलं केलं जिभेवर
आणि पुसू लागली.
मी रिमोटवर थांबव दाबलं.
ती पुसतेय अजून,
आधी हळू, मग जोर लावून,
मग वळून माझ्याकडे बघते.